केसांची गोळी आणि बिघडलेले रिपोर्ट : एका ट्रान्स स्त्रीच्या सप्लिमेंटचं प्रकरण

वय 29. पुण्यात ब्युटी पार्लरमध्ये काम करणारी ट्रान्स स्त्री. दोन वर्षांहून जास्त काळ डॉक्टरांच्या देखरेखीखाली हार्मोन घेते आहे: एस्ट्रॅडिऑल व्हॅलरेट (एस्ट्रोजेन, म्हणजे स्त्री-हार्मोन) दिवसाला 4 मिलिग्रॅम आणि टेस्टोस्टेरॉनचा परिणाम रोखणारं स्पायरोनोलॅक्टोन 100 मिलिग्रॅम. मधुमेह नाही, सिगारेट नाही, घरात कुणाला रक्तात गुठळ्या होण्याचा त्रास नाही. दर वेळचे रिपोर्ट ठीक येत होते. मग एका तपासणीत एस्ट्रॅडिऑल 590 आलं. एंडोक्राइन सोसायटीच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे ते मिलिलिटरला 100 ते 200 पिकोग्रॅमच्या दरम्यान असावं. त्याच कागदावर टेस्टोस्टेरॉन 310 होतं. ते डेसिलिटरला 50 नॅनोग्रॅमच्या खाली हवं. एलएच, म्हणजे टेस्टोस्टेरॉन बनवायला सांगणारं मेंदूतल्या ग्रंथीचं हार्मोन, जवळजवळ शून्य. थायरॉईडला कामाला लावणारं टीएसएच 0.06 आणि थायरॉईडचं स्वतःचं हार्मोन फ्री टी-4 दुपटीने वाढलेलं, म्हणजे कागदावर थायरॉईड पार उधळलेली. बी-12 आणि ड जीवनसत्त्व उत्तम. पोटॅशियम 5.4, जरा चढंच.

पुढे जाण्याआधी एक गोष्ट स्पष्ट करते. हे कुणा एकीचं चरित्र नाही. आहारतज्ज्ञ म्हणून सल्ला देताना ज्या गोष्टी पुन्हा पुन्हा समोर येतात त्या एकत्र करून हे प्रकरण अभ्यासासाठी रचलं आहे, त्यामुळे तिचे आकडेही नमुन्याचे आहेत. औषधांचं आणि तपासणीचं शास्त्र मात्र जसं आहे तसंच दिलं आहे.

तर तो रिपोर्ट. एस्ट्रॅडिऑल जास्त म्हणून डॉक्टरांनी गोळी निम्मी केली, 4 वरून 2 मिलिग्रॅमवर. थायरॉईडसाठी पुढच्या तपासण्या लिहून दिल्या. टेस्टोस्टेरॉन इतकं वर आणि एलएच शून्य असेल तर वैद्यकीय तर्क एका दिशेला जातो: टेस्टोस्टेरॉन बाहेरून येत असणार. म्हणून त्यांनी विचारलं, "बाहेरून काही इंजेक्शन वगैरे घेतेस का? लपवू नकोस." तर्क चुकीचा नव्हता. पण अंगातलं टेस्टोस्टेरॉन दाबण्यासाठी जिने घर, नाव, नोकरी सगळं पणाला लावलं, तिला हा प्रश्न विचारला जात होता. ती "नाही डॉक्टर" एवढंच म्हणाली आणि गप्प झाली. आणखी काय काय चालू आहे, हे विचारायची आणि सांगायची वेळ तिथेच निघून गेली.

पुढच्या दोन महिन्यांत तिला रात्री घाम फुटायचा, झोप लागायची नाही, कंगव्यात केसांचे पुंजके यायचे. टेस्टोस्टेरॉन परत आलंय असं रिपोर्टच म्हणत होता, त्यामुळे केस त्यानेच गळतायत यावर तिचा विश्वास बसला. केसांसाठी ती एक गोळी घेतच होती, ती तिने दिवसाला दोन केली. पुढचा रिपोर्ट आणखी वाईट आला. हार्मोनचा डोस निम्मा करूनही एस्ट्रॅडिऑल वाढलेलं, टेस्टोस्टेरॉनही वाढलेलं. केसपेपरवर "सल्ला पाळत नाही" असा शेरा पडला. एका मैत्रिणीने सुचवलं, डॉक्टर डोस कमी करतात तर माला-डीच्या (गर्भनिरोधक गोळ्या) रोज तीन घे, आपण सगळ्या तशाच सुरू केल्या होत्या. पाकीट विकत आणून झालं होतं. सुदैवाने ते फोडलेलं नव्हतं.

माझ्याकडे तिला पाठवलं ते या कुठल्याच कारणासाठी नाही. पाठवलं पोटॅशियमसाठी. स्पायरोनोलॅक्टोनमुळे मूत्रपिंड पोटॅशियम धरून ठेवतं, तेव्हा आहारातलं पोटॅशियम कमी करा, एवढीच चिठ्ठी होती.

आहाराची माहिती घेताना "औषधं कोणती चालू आहेत?" असं विचारलं की लोक डॉक्टरांनी लिहून दिलेली औषधं सांगतात. म्हणून पहिल्या भेटीला येताना घरातल्या सगळ्या डब्या, पुड्या, बाटल्या, पावडरी एका पिशवीत घालून आणा असं सांगावं लागतं; मेडिकलमधून आणलेलं, ऑनलाइन मागवलेलं, कुणी दिलेलं, सगळं. तिच्या पिशवीतून निघालं ते असं: केस आणि नखांच्या गोळ्या, एका गोळीत 10 मिलिग्रॅम बायोटिन (ब गटातलं एक जीवनसत्त्व). शतावरी कल्पाचा डबा. "ब्रेस्ट एन्हान्समेंट" असं लिहिलेल्या कॅप्सूलची परदेशी बाटली. कॅल्शियमच्या गोळ्या. आणि मीठ आणायचं मी सांगितलं नव्हतं, पण तिने स्वतःहून तेही आणलं होतं: कमी सोडियमवालं.

पोटॅशियमचा उलगडा लगेच झाला. कमी सोडियमच्या मिठात सोडियम क्लोराईडचा काही भाग काढून पोटॅशियम क्लोराईड घातलेलं असतं. वडिलांना रक्तदाब होता, आपल्याला होऊ नये म्हणून तिने घरात तेच मीठ सुरू केलं होतं. वर उन्हाळा, त्यात स्पायरोनोलॅक्टोनने लघवीला जास्त होतं म्हणून तहान, म्हणून रोज दोन शहाळी. शहाळ्याच्या पाण्यात शंभर मिलिलिटरला साधारण 250 मिलिग्रॅमपर्यंत पोटॅशियम असतं. एरवी निरोगी माणसाला याने काही होत नाही. स्पायरोनोलॅक्टोन घेणाऱ्याला होऊ शकतं, आणि पोटॅशियम फार चढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात. साधं मीठ बेताने वापरायचं आणि शहाळ्याऐवजी पाणी, पातळ ताक प्यायचं असं ठरलं.

पण डोळ्यात भरली ती बायोटिनची गोळी. प्रौढ माणसाला दिवसाला बायोटिन लागतं 30 ते 40 मायक्रोग्रॅम. दहा मिलिग्रॅम म्हणजे दहा हजार मायक्रोग्रॅम. ती आता दोन गोळ्या घेत होती, म्हणजे गरजेच्या किमान पाचशेपट. बायोटिन पाण्यात विरघळतं, जास्तीचं लघवीवाटे निघून जातं, त्यामुळे शरीराला त्याची थेट विषबाधा होत नाही. त्रास तपासणीच्या यंत्रात होतो.

हार्मोन मोजणाऱ्या बऱ्याच चाचण्यांमध्ये बायोटिन आणि स्ट्रेप्टॅव्हिडिन या जोडीचा वापर होतो, कारण ते एकमेकांना विलक्षण घट्ट धरतात. चाचणीतल्या प्रतिपिंडाला बायोटिन जोडलेलं असतं, ते स्ट्रेप्टॅव्हिडिन लावलेल्या पृष्ठभागावर जाऊन बसतं आणि त्याच्याबरोबर आलेल्या खुणेच्या रेणूचा प्रकाश यंत्र मोजतं. रुग्णाच्या रक्तातच बायोटिन भरपूर असेल तर ते आधीच त्या जागा अडवतं. एसटीत रुमाल टाकून जागा धरल्यावर तिकीटवाला प्रवासी उभा राहतो, तसं. प्रकाश कमी पडतो. आता एस्ट्रॅडिऑल, टेस्टोस्टेरॉन, फ्री टी-4, बी-12, ड जीवनसत्त्व असे लहान रेणू ज्या स्पर्धात्मक पद्धतीने मोजतात तिथे कमी प्रकाशाचा अर्थ "पदार्थ जास्त" असा होतो. टीएसएच, एलएच, प्रोलॅक्टिन ज्या सँडविच पद्धतीने मोजतात तिथे कमी प्रकाश म्हणजे "पदार्थ कमी". म्हणून एकाच नमुन्यात काही आकडे खोटे वर जातात आणि काही खोटे खाली येतात, आणि ते इतक्या नेमक्या दिशांनी हलतात की एक सुसंगत आजार उभा राहतो. थायरॉईडच्या बाबतीत तर हुबेहूब ग्रेव्ह्ज आजारासारखं (थायरॉईड गरजेपेक्षा जास्त काम करण्याचा आजार) चित्र दिसतं. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 2017 च्या नोव्हेंबरमध्ये याबद्दल जाहीर इशारा दिला होता; बायोटिनमुळे ट्रोपोनिन (हृदयाला इजा झाली की रक्तात वाढणारं प्रथिन) खोटं कमी आल्याने हृदयविकार न ओळखता गेलेल्या एका मृत्यूचा त्यात उल्लेख होता. त्यानंतर काही कंपन्यांनी आपल्या चाचण्या बदलल्या, त्यामुळे प्रत्येक लॅबमध्ये हे घडेलच असं नाही. पण आपल्या गल्लीतल्या लॅबमध्ये कुठलं यंत्र आहे हे रुग्णाला कसं कळणार?

पोटॅशियम वेगळ्या पद्धतीने, इलेक्ट्रोडने मोजतात. ते खरंच वाढलेलं होतं. रिपोर्टमधला काही भाग खरा असला की सगळाच खरा वाटतो, हे इथे फार महागात पडलं.

संशयाची खूण रुग्णाच्या शरीरातच होती. फ्री टी-4 दुप्पट असलेल्या माणसाची नाडी जलद असते, हात थरथरतात, वजन उतरतं. हिची नाडी 74, हात स्थिर, वजन जसंच्या तसं. तिच्या डॉक्टरांना फोन करून हे सांगितलं तेव्हा त्यांनी लगेच थायरॉईडची औषधं सुरू करायचं थांबवलं. बायोटिन पूर्ण बंद करून तीन दिवसांनी पुन्हा रक्त घेतलं. टेस्टोस्टेरॉनचा एक नमुना मास स्पेक्ट्रोमेट्रीने तपासायला पाठवला, कारण त्या पद्धतीवर बायोटिनचा परिणाम होत नाही. टीएसएच 2.3. फ्री टी-4 अगदी मध्यावर. थायरॉईडला काहीही झालेलं नव्हतं. एस्ट्रॅडिऑल 52, टेस्टोस्टेरॉन 104, दोन्ही पद्धतींनी जवळपास सारखंच.

म्हणजे आधी एस्ट्रॅडिऑल योग्य होतं आणि टेस्टोस्टेरॉन दबलेलं होतं. खोट्या रिपोर्टवरून डोस निम्मा केला आणि मग मात्र एस्ट्रॅडिऑल खरंच घसरलं, टेस्टोस्टेरॉन सुटलं. घाम, जागरण, कंगव्यातले केस, सगळं त्याचं. आणि बी-12, जे आधी उत्तम दिसत होतं, ते निघालं 142. ड जीवनसत्त्व 13. दोन्ही कमतरता खऱ्या होत्या, बायोटिनने त्या झाकून ठेवल्या होत्या. शाकाहारी घर, सकाळी दहाला पार्लरमध्ये शिरून रात्री नऊला बाहेर पडणं. बी-12 आणि ड कमी असण्यात आश्चर्य काहीच नव्हतं. ज्यांची तिला खरोखर गरज होती ती दोन सप्लिमेंट सोडून बाकी सगळी ती घेत होती.

हे सगळं वाचून पहिली इच्छा होते ती पिशवी उचलून कचऱ्यात टाकण्याची. तसं केलं असतं तर ती परत आली नसती. त्या पिशवीतल्या प्रत्येक वस्तूला वेगळं कारण होतं आणि प्रत्येक कारणाला वेगळं उत्तर द्यावं लागलं.

केसांच्या गोळीचं कारण नटणं-मुरडणं हे नव्हतं. तिच्या कपाळावरची केसांची रेघ हार्मोन सुरू होण्याआधीच मागे गेली होती. "मॅडम, कपाळ झाकलेलं असलं की पीएमपीत कुणी वळून बघत नाही," ती म्हणाली. रात्री नऊनंतर हडपसरच्या बसमध्ये कुणी वळून न बघणं म्हणजे घरी सुखरूप पोचणं. त्यातून काम पार्लरचं. तिथे समोरची बाई आधी हिचे केस बघते. गोळी सुचवली ती पार्लरला माल पुरवणाऱ्या विक्रेत्याने. तिला नुसतं "बायोटिनने काही होत नाही" असं सांगणं म्हणजे बसमधली भीती खोटी आहे असं सांगण्यासारखं होतं. म्हणून उलट सांगितलं: केसांची काळजी रास्त आहे, फक्त औषध दुसरं आहे. बायोटिनची खरी कमतरता दुर्मीळ असते, आणि ती नसेल तर या गोळ्यांनी केस येतात याला भक्कम पुरावा नाही. टेस्टोस्टेरॉन दबलेलं ठेवणं हाच गळती थांबवायचा मुख्य मार्ग, त्याच्या जोडीला त्वचारोगतज्ज्ञांकडून मिनॉक्सिडिल, आणि बी-12, ड भरून काढणं. आणि हेही खरं खरं सांगितलं की गेलेली कपाळाची रेघ पूर्ण परत येईलच असं नाही.

स्तनवाढीच्या कॅप्सूलमागे घाई होती, आणि त्या घाईला आमचंच मौन जबाबदार आहे असं मला वाटतं. एस्ट्रोजेन सुरू केल्यावर स्तनांची वाढ तीन ते सहा महिन्यांत दिसू लागते आणि पूर्ण व्हायला दोन-तीन वर्षं लागतात, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. थांबलंय असं वाटलं म्हणून तिने स्वतः शोधलं. बाटलीवर प्युरेरिया मिरिफिका हे नाव होतं. ही थायलंडकडची वनस्पती, तिच्या कंदात एस्ट्रोजेनसारखं काम करणारे पदार्थ असतात. किती असतात ते त्या बाटलीवर नव्हतं. बनवणाऱ्याचा पत्ता नव्हता, एफएसएसएआयचा चौदा आकडी परवाना क्रमांक नव्हता, आयुर्वेदिक औषध म्हणावं तर तो परवानाही नव्हता. आत नेमकं काय आहे हे माहीत नसलेली, एस्ट्रोजेनवर एस्ट्रोजेन चढवणारी ही एकच वस्तू मी त्याच दिवशी बंद करायला सांगितली. माला-डीचं पाकीटही. माला-डीत इथिनाइल एस्ट्रॅडिऑल असतं. रक्तात गुठळ्या होण्याच्या धोक्यामुळे लिंगबदलाच्या हार्मोन उपचारात ते वापरू नये असं आता प्रमुख मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. आपल्याकडे डॉक्टरपर्यंत पोचता येत नव्हतं त्या काळात अनेक जणींनी याच गोळ्यांवर सुरुवात केली, कारण त्या प्रत्येक मेडिकलमध्ये स्वस्तात मिळतात. मैत्रीण वाईट हेतूने सांगत नव्हती. तिच्याकडे जे होतं ते ती देत होती.

कॅल्शियम भीतीपोटी. "हार्मोनने हाडं ठिसूळ होतात" हे तिने ऐकलं होतं. खरं उलट आहे: एस्ट्रोजेन हाडं राखतं. धोका असतो तो शरीरात दोन्ही हार्मोन तुटपुंजे असतील तेव्हा. हिजडा घराण्यांमध्ये निर्वाण (लिंग आणि वृषण काढण्याचा विधी) झाल्यावर वर्षानुवर्षं कुठलंच हार्मोन न घेतलेल्या ज्येष्ठांच्या हाडांची काळजी म्हणूनच जास्त करायला हवी. त्यांच्याकडे कुणी बघत नाही. हिच्या बाबतीत ड जीवनसत्त्व आधी भरणं महत्त्वाचं होतं. कॅल्शियम दूध-दही-नाचणीतून पुरेसं मिळत होतं, गोळी गळाली.

राहिला शतावरी कल्प. तो आईने दिलेला. गावाहून येताना आईने डबा आणला आणि म्हणाली, "दुधातून घेत जा, बायकांना चांगला असतो." आयुष्यात पहिल्यांदा आईने तिला बायकांमध्ये धरलं होतं. शतावरीने एस्ट्रोजेनचं काम होतं किंवा स्तन वाढतात असा माणसांमधला भरवशाचा पुरावा नाही. कल्पात साखरच जास्त असते. तिची साखर तपासली, ठीक होती. रोज एक चमचा चालू ठेवायला सांगितला, आणि हा निर्णय मी पूर्ण विचार करून घेतला. आईनेही फोन करून विचारलं, "अहो ताई, तो कल्प बंद तर नाही ना करायचा?" नाही म्हटलं.

या सगळ्यावर तिचा महिन्याला हार्मोनच्या औषधांपेक्षा जास्त खर्च होत होता. कमी पगारात ही रक्कम लहान नाही. ती माहिती कुठून घेणार होती, हाही प्रश्न आहेच. 2019 च्या पारलिंगी व्यक्ती (हक्कांचे संरक्षण) कायद्याचं 15 वं कलम सरकारवर हार्मोन उपचार आणि समुपदेशनाची जबाबदारी टाकतं. प्रत्यक्षात 2025 च्या सुरुवातीला अमेरिकेने परदेशी मदत थांबवली तेव्हा खास या समाजासाठी चालणारी हैदराबाद, कल्याण आणि पुण्यातली मित्र क्लिनिक बंद झाली. दार बंद झालं की माणूस विक्रेत्याकडे, मैत्रिणीकडे आणि मोबाइलकडे वळतो. ट्रान्स पुरुषांच्या पिशव्या वेगळ्या असतात: व्हे प्रोटीन, क्रिएटिन, अश्वगंधा, शिलाजीत. क्रिएटिनने क्रिएटिनिनचा आकडा वाढतो आणि मूत्रपिंड बिघडल्याचा भास होतो. लोहाच्या गोळ्या मासिक पाळी थांबल्यावरही चालूच राहतात आणि टेस्टोस्टेरॉनने आधीच वाढणाऱ्या हिमोग्लोबिनकडे लक्ष राहत नाही. एचआयव्हीचं औषध घेणाऱ्यांसाठी तर एक गोष्ट मी लिहूनच देते: गोळीत डोलुटेग्रॅव्हिर असेल तर कॅल्शियम किंवा लोहाची गोळी उपाशीपोटी तिच्याबरोबर घ्यायची नाही, औषध शरीरात पुरेसं शिरत नाही. आधी एचआयव्हीची गोळी आणि दोन तासांनी कॅल्शियम, किंवा दोन्ही जेवणाबरोबर.

एस्ट्रॅडिऑल परत 4 मिलिग्रॅम केलं. तीन महिन्यांनी ते 131, टेस्टोस्टेरॉन 36, पोटॅशियम 4.6, बी-12 आणि ड दोन्ही हद्दीत. घाम थांबला, झोप लागते, कंगव्यात केस कमी येतात. कपाळ तितकंच आहे. केसपेपरवरचा "सल्ला पाळत नाही" हा शेरा डॉक्टरांनी स्वतः खोडला आणि खाली कारण लिहिलं, ही गोष्ट तिच्या दृष्टीने रिपोर्टइतकीच मोठी होती.

बायोटिन तिने पूर्ण सोडलं नाही. पार्लरच्या लग्नसराईत ती अधूनमधून एक गोळी घेते आणि मला सांगते. तपासणीआधी तीन दिवस बंद. तिच्या रक्ततपासणीच्या चिठ्ठीवर आता डॉक्टर चाचण्यांच्या नावांबरोबर दोन ओळी लिहितात: बायोटिनची शेवटची गोळी कोणत्या तारखेला घेतली, आणि एस्ट्रॅडिऑल-टेस्टोस्टेरॉनची तुलना छापील पुरुष-स्त्री श्रेणीशी न करता उपचाराच्या उद्दिष्टाशी करावी. पुढची तपासणी सहा महिन्यांनी आहे, पिशवीसकट.